केस आले की बघू

डोक्यावर केस नाहीत आणि सदऱ्याच्या खिशात कंगवा आहे, असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमच्या शेजारचे मास्तर. काळा, बारीक दात्यांचा कंगवा, पेनाला खेटून उभा. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी कंगवा, सायकलवरून उतरलं की कंगवा, कुणी हाक मारली तर 'ओ' म्हणायच्या आधी कंगवा. मी आमच्या ह्यांना म्हणायची, "अहो, शेत नाही आणि माणूस नांगर घेऊन फिरतोय." हे म्हणायचे, "हळू बोल, मधे एकच भिंत आहे." असू दे की. मी काही हळू बोलणाऱ्यातली नाही.

तसे ते शाळेतले मास्तर नव्हेत. आमच्या सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणाऱ्यालाही मास्तर म्हणतात. चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, वेल काढायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्या मागावर चढवायच्या. भोकं जशी पडतील तसा मोर चादरीवर उतरतो. त्यात ह्या माणसाचा हात फार सुंदर होता, ते मी नाकारत नाही. घर तेलुगू, विणकरांचं. मास्तर आणि त्यांची अम्मा, दोघंच. आमची भिंत एक, अंगण एक, नळ एक. त्यामुळे त्यांच्या डोक्याचा इतिहास मला जेवढा ठाऊक तेवढा त्यांच्या न्हाव्यालाही नसेल.

डाव्या कानावरचे केस त्यांनी वीतभर वाढवले होते. आंघोळ झाली की खोबरेल चोपडून ते केस अख्ख्या टकलावरून ओढत उजव्या कानापर्यंत न्यायचे आणि तिथे चिकटवायचे. एवढ्या वेळात मी कणीक मळून, पोळ्या लाटून मोकळी व्हायची. पण सोलापूरचं ऊन कुणाची भीड ठेवतं का? अकरा वाजले की तेल वितळायचं, केस घसरायचे आणि टक्कल ढगाबाहेर आल्यासारखं हळूच डोकवायचं. वारा सुटला की मान तिरकी करून सायकल चालवायचे, उसण भरल्यासारखी. टोपी घाला म्हटलं तर दुखावायचे. "टोपी म्हातारे घालतात, वहिनी." वय काय, तर बत्तीस-तेहतीस. आणि दिवस असे, की गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे केस कानांवर आलेले, खाली बेलबॉटम. उपाशी माणसानं मिठाईच्या दुकानाकडे बघावं तसे मास्तर त्या पोरांकडे बघायचे. माझ्या सासऱ्यांना पंचविशीत टक्कल पडलं होतं. त्यांच्या एका खाकरण्यानं नळावरची भांडणं थांबायची. त्यांच्या डोक्यावर काय आहे नि काय नाही, हे बघायची कुणाची छाती नव्हती.

मास्तरांचं एक पालुपद होतं, "केस आले की बघू." बहीण म्हणाली, दादा, माझ्याकडे चार दिवस राहायला ये, केस आले की बघू. कारखान्याच्या मालकांनी चादरी घेऊन दिल्लीच्या प्रदर्शनाला जा म्हटलं, तिथेही तेच. मालक चकित. दिल्लीला जायला केस कशाला लागतात, हे त्या बिचाऱ्यांना कळेना. मलाही कळलं नाही. फोटो काढून घ्यायचा राहिला, नवा सूट शिवायचा राहिला. हा माणूस आपल्या आयुष्याबाहेर उभा राहून वाट बघत होता, की आत जायला मिळेल कधी. आणि दार तर उघडंच होतं.

मग उपाय सुरू झाले. कांद्याचा रस झाला. महिनाभर मास्तर अंगणातून गेले की भज्यांचा घाणा काढल्यासारखा वास. माका झाला, जास्वंद झाली. अक्कलकोटच्या बाजूला कुणी वैद्य होता, त्यानं हस्तिदंताची राख दिली; ती लावून मास्तर चुलीतून काढलेल्या वांग्यासारखे दिसायला लागले. कुणीतरी सांगितलं, डोक्याला रक्त उतरलं पाहिजे. झालं, पहाटे अंगणात शीर्षासन. मी सडा टाकायला बाहेर यावं तर समोर दोन पाय. अम्मा ओट्यावर बसून चहा पीत म्हणायची, "उलटं लटकून केस येत असते की ओ वहिनी, तर वटवाघळाला रोज वेणी घालावी लागली असती." अम्माची जीभ अशी. आमचं म्हणूनच जमायचं.

टक्कल बघून कुणा मुलीनं मास्तरांना नाकारलं असं मात्र कधी झालं नाही. चांगली नोकरी, निर्व्यसनी माणूस, कोण कशाला नाकारेल? मास्तरच नाकारायचे. ती नाही म्हणायच्या आत आपण नाही म्हणून मोकळे. अशी किती स्थळं घालवली! शेवटी चैत्रात अम्मानं हट्टानं एक मुलगी बघायला नेलं. घरात वडीलधारं पुरुषमाणूस नाही म्हणून मी आणि आमचे हे बरोबर. मुलगी पद्मा. बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. दुपारची वेळ, पत्र्याचं घर, आणि समोर स्टुलावर टेबलफॅन घुंगुं करत इकडून तिकडे मान फिरवतोय. पंखा मास्तरांकडे वळला की मास्तरांचा हात डोक्यावर, पलीकडे वळला की हात खाली. असं चाललेलं. पद्माच्या वडिलांच्या ते ध्यानात आलं. भला माणूस, पंखा बंद करायला उठला.

तेवढ्यात पद्मा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. चुलीपासून उठून आलेली, अंगावर जरीचं लुगडं, घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या, राहू द्या पंखा. त्यांना किती उकडतंय." आणि बशी घ्यायला दोन्ही हात पुढे केले. पंखा नेमका तेव्हाच वळला. काय सांगू तुम्हाला, ते वीतभर केस पेटीचं झाकण उघडावं तसे एकसंध वर उभे राहिले. अम्मानं डोळे मिटले. आणि पद्मा खुदकन हसली. तोंडाला पदर लावला, तरी हसू थांबेना.

येताना मास्तर वाटभर डोकं हातानं दाबून चालले. घराशी आल्यावर म्हणाले, "वहिनी, हसली ती."

"हसली तर हसली. रडली असती तर बरं वाटलं असतं?"

"मुलगी छान होती हो."

छान होती. त्यांना फार आवडली होती. एरवी घरी पोचायच्या आत 'नाही' म्हणणारा माणूस ह्या खेपेस नाही म्हणेना. आणि हो पण म्हणेना. पद्माच्या वडिलांचा निरोप आला, काय ठरवलंत? मास्तरांचं उत्तर, कळवतो. पुन्हा निरोप आला, पुन्हा कळवतो. अम्मा चिडून विचारायची, "एमिरा, आवडली का नाय?" आवडली. "मग जा की बोलायला." केस आले की जातो! ह्या डोक्यानं पुन्हा तिच्यासमोर जाणार नाही म्हणे.

त्याच सुमाराला कुठल्याशा मासिकात त्यांच्या वाचनात आलं, की मुंबईत एक डॉक्टर ऑपरेशन करून केस लावतो. मास्तर एकदा जाऊन विचारून आले आणि आम्हाला समजावून सांगायला लागले, जसं काही घर बांधायचं आहे. दोन तऱ्हा आहेत म्हणाले. एक, मधली टकलाची कातडी कापून काढायची, बाजूची केसांची कातडी ओढून शिवून टाकायची. मी म्हटलं, म्हणजे ब्लाउज आत घेतात तसं. त्याला ते घाबरले होते. दुसरी तऱ्हा त्यांना पटली. मानेच्या वर, मागे जिथे केस कधी जात नाहीत, तिथून केसांसकट कातडीच्या बारीक गोल टिकल्या काढायच्या आणि पुढे तेवढीच भोकं पाडून त्यात बसवायच्या. "आपण डिझाइनच्या पुठ्ठ्याला भोकं पाडतो की नाही, अगदी तस्सं, वहिनी!" डोळे असे चमकत होते. मी म्हटलं, "मास्तर, पुठ्ठ्याला दुखत नाही." पण ऐकतो कोण? ताप नाही, खोकला नाही, हातपाय धड आहेत, आणि माणूस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन डोक्याची चाळणी करून घेणार.

कुणाला सांगायचं नाही अशी अम्माला आणि आम्हा नवराबायकोला शपथ. कारखान्यात सांगितलं, मुंबईला मावशीकडे जातोय. पण गाडी सुटली नसेल तोवर अम्मानं नळावर, बायकांच्या भरगर्दीत, घागर खाली ठेवून तिरुपतीच्या दिशेनं हात जोडले आणि मोठ्यानं नवस बोलली, "बालाजी, माझ्या पोराच्या डोक्यावर केस येऊ दे. पहिलं पीक तुझं!"

मी कपाळावर हात मारला. गल्लीला कळलं ते जाऊ द्या. पण ज्या केसांसाठी पोरगा डोकं फोडून घ्यायला निघालाय, ते आले की भादरून देवाला देते म्हणून आईच कबूल करून बसली. मी तसं म्हटलं, तर अम्मा माझ्यावरच उसळली. "मग काय देऊ देवाला? माझ्या घरात नसलेली वस्तू त्याच्याकडनं मागायची आणि त्याला नारळावर भागवायचं?" त्यांच्यात घरात काही चांगलं झालं की तिरुपतीला जाऊन केस देतात, बायकासुद्धा. तिच्या हिशेबात सगळं बरोबरच होतं.

मास्तर परत आले ते डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळून. लग्नातला फेटा उतरवायचा विसरल्यासारखे. गाडीतून पडलो असं सांगायचं ठरवलं होतं, पण गल्लीतला जो तो येऊन विचारायचा, "काय मास्तर, पेरणी झाली?" दसरा नुकताच झाला होता. पट्टी निघेपर्यंत ते घराबाहेर पडणार नव्हते, आणि घरात अम्माकडे येणाऱ्याजाणाऱ्यांचा त्रास म्हणून दिवसभर आमच्या आतल्या खोलीत बसायचे.

त्याच दिवसांत एका दुपारी पद्माचे वडील आले. अम्माच्या दाराला कडी, ती देवळात गेलेली, म्हणून आमच्याकडे. त्यांना दारात बघितलं मात्र, मास्तर उठून आतल्या पडद्यामागे. मी चहा टाकला. माणूस घोंगडीवर टेकला आणि म्हणाला, "ताई, मास्तर कुटं गेलेत?"

मी पडद्याकडे बघितलं. पडदा हलला, नको नको म्हणून. मी म्हटलं, "इथेच आहेत कुठेतरी. येतील."

"आमी बापमाणसं, किती थांबायचं? भिवंडीचं एक स्थळ आलंय. त्यांना आज सांजच्याला जबाब द्यायचाय. पोरगी म्हणतीय, मास्तरास्नी एकदा विचारून या."

"पद्मा म्हणते?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"व्हय की. त्याच दिवशी म्हणली, हाच माणूस पायजे. लई हसलीस म्हणून आईनं झापलं तिला. तर म्हणते कशी, आजवर इतके जण बघायला आले, माझा घाम एकाला दिसला न्हाय. त्या माणसानं सोताचे केस उडू दिले, पण माझ्यावरचा पंखा बंद होऊ दिला न्हाय."

बघा! असं वाक्य किती जणांच्या वाट्याला येतं? आमच्या वाट्याला आलं नाही बाई. आणि ज्याच्यासाठी ते होतं तो माणूस चार हातांवर उभा राहून ते कानांनी ऐकत होता. मी चहा दिला. दुसऱ्यांदा दिला. आत जाऊन पडद्याला तोंड लावून म्हटलं, "मास्तर, या बाहेर."

आतून कुजबुज आली, "असा? ह्या पट्टीत? काय म्हणतील ते, वहिनी?"

"काय म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं. ऐकू नाही आलं?"

"पट्टी निघाली की मीच जातो. शपथ."

मी हात धरून ओढलं हो त्यांना. खरंच ओढलं. एवढा थोरला माणूस दाराच्या चौकटीला धरून बसला. डोळ्यांत पाणी होतं, पण पाय काही हलेना. बाहेर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. पद्माचे वडील उठले, म्हणाले, "मास्तरास्नी सांगा, आमी येऊन गेलतो." आणि गेले. त्यांची सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते.

पट्टी निघाली, तर म्हणे खपल्या पडू देत. खपल्या पडल्या, त्यांच्याबरोबर लावलेले केसही गळून गेले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आधी गळतात आणि महिन्यांनी उगवतात. मग म्हणे उगवू देत. मधे आणखी दोनदा मुंबई करून आले. तोवर पद्माची भिवंडीच्या स्थळाशी सुपारी फुटली होती.

केस आले. आले म्हणजे कसे? झुपके झुपके. वाफ्यात वांग्याची रोपं लावावीत तसे ओळीनं, आणि मधे मोकळी जमीन. आमच्या धाकटीची एक प्लास्टिकची बाहुली होती, तिच्या डोक्याला भोकं आणि भोकातून केसांची एकेक जुडी. तिच्या शेजारी मास्तरांना बसवलं असतं तर भाऊबहीण वाटले असते. पण तेल लावून मागे फिरवले की लांबून केस आहेत असं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मास्तर आरशासमोर उभे राहायचे, कंगवा फिरवायचे, आणि त्यांच्या तोंडावर काहीही नसायचं. ना आनंद, ना काही.

वैशाखात पद्माचं लग्न झालं, आमंत्रण आम्हा सगळ्यांना होतं. मास्तर येणार नाहीत असंच मला वाटलं. पण आले. नवा सदरा, केस मागे वळवलेले. आहेर द्यायच्या रांगेत मी पुढे, ते माझ्या मागे. मी पद्माला कुंकू लावलं. तिनं मला ओळखलं, वाकून पाया पडली, मग माझ्या मागे बघितलं. मास्तरांकडेच बघितलं. त्यांनी पुढे केलेली चादर घेतली, परक्याकडे बघून हसावं तसं हसली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "वहिनी, ते पंख्यासमोरचे मास्तर नाही आले?"

मी म्हटलं, "नाही गं. नाही आले."

मास्तरांनी ते ऐकलं. जेवायला थांबले नाहीत. मी घरी आले तर मायलेक ओट्यावर, आणि मास्तर तेलुगूत अम्माला काहीतरी सांगत होते. इतक्या वर्षांत मला तेवढं तेलुगू कळायला लागलं होतं. ते म्हणत होते, "चल अम्मा, तिरुपतीला. तुझा नवस आहे ना?" म्हातारी महिनाभर त्यासाठीच भांडत होती, आणि आता तिलाच रडू फुटलं. "राहू दे रे नायना. थोडे दिवस राहू दे. देव काय पळून चाललाय?" पण ते ऐकेनात.

तिरुपतीहून आले ते तुळतुळीत होऊन. पुढे सगळ्या डोक्यावर बारीक उंचवटे, खडे बसवलेल्या फरशीसारखे. मागे मानेच्या वर पांढरे गोल व्रण, देवी येऊन गेल्यासारखे. आता सगळं उघडं. मला वाटलं, आता हा माणूस टोपी घालणार. घातली नाही. तसेच सायकलवर बसून कारखान्यात गेले. गल्लीतली मोठमोठी माणसं दात काढून हसली, आणि मास्तर थांबून म्हणाले, "हसा की. बघा नीट, मागनं जास्त मजा आहे." मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग येऊन रडले. अहो, हा माणूस होताच की आत! मग त्या दुपारी कुठे मेला होता?

वर्षाच्या आत ते अम्माला घेऊन इचलकरंजीला गेले, तिथल्या यंत्रमागावर नोकरी मिळाली म्हणून. लग्न शेवटपर्यंत केलं नाही. अम्मा गेल्याचं कळलं, मग पुष्कळ वर्षांनी मास्तर गेल्याचंही. इथून निघताना ट्रंक टांग्यात ठेवून मला नमस्कार करायला आले होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला ओढत होता तेव्हा अजून थोडा जोर लावायला पाहिजे होता." मी म्हटलं, "मास्तर, तुमचं वजन माझ्या दुप्पट." दोघंही हसलो. काय करणार दुसरं?

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नात. पुण्याला नोकरी करते, देखणी आहे, कपाळ तेवढं माझ्यासारखं मोठं. आमच्या वेळी अशा कपाळाला भाग्याचं म्हणत. हिला ते मैदान वाटतं. आता म्हणे केसांची रेघच पुढे ओढून घेतात, नाहीतर एकेक केस लावतात, झुपके दिसत नाहीत, कळतसुद्धा नाही. परवा मोबाईलवर मला दाखवत होती, आधीचं कपाळ, नंतरचं कपाळ. भाजी निवडताना बघितलं मी. मला तर दोन्ही बायका सारख्याच दुःखी दिसल्या. पण मी नको म्हटलं नाही. मी नको म्हटल्यानं आजवर कोण थांबलंय?

म्हटलं, "कर बाई. कपाळ तुझं. फक्त एक कर. पट्टी बांधून घरात बसली असशील आणि कुणी तुला विचारत दारात आलं, तर पट्टीसकट बाहेर ये."

ती हसली. म्हणाली, "आजी, पट्टी म्हणजे काय, चार दिवसांची तर असते."

मास्तरांचीही तेवढीच होती.